शेवळा : नावे दोन, झाड एक

मे महिन्याच्या अखेरीस डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील रान करपलेले असते. सागाची पाने गळून जमिनीवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर पडलेला असतो, गवत जळालेले असते आणि विहिरींनी तळ गाठलेला असतो. अशा वेळी वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की पाचोळा बाजूस सारून जांभळट तपकिरी रंगाचे, टोकदार कोंब जमिनीतून वर येतात. सोबत एकही पान नसते. हा शेवळा. रानशेत व आजूबाजूच्या गावांत हा कोंब दिसू लागला की पाऊस दाराशी आला असे समजतात, आणि घरोघरी वर्षातील पहिली रानभाजी शिजते.

शेवळ्याविषयी लिहिण्याचे कारण केवळ त्याची चव नाही. या वनस्पतीची नावे अवस्थेगणिक व गावागणिक बदलतात. ज्यांना ती नावे नीट ठाऊक आहेत त्यांच्या घरी भाजी गोड लागते आणि रानात कंदही टिकतो. ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्या घशाला खाज सुटते, प्रसंगी भलताच कंद ताटात येतो, आणि एकाच झाडाकडून आपण वर्षातून दोनदा वसुली करीत आहोत हे लक्षातही येत नाही. म्हणून या लेखात शेवळ्याची ओळख, त्याची नावे, भाजी करताना घ्यावयाची काळजी आणि तो टिकविण्याचे उपाय यांचा विचार केला आहे.

काकड की काकडी?

प्रथम स्वतःचाच अनुभव सांगतो. मी मूळचा घाटावरचा. कोकणात आल्यावर पहिल्याच जूनमध्ये बाजारातून शेवळ्याची एक जुडी घेतली. विकणाऱ्या आजींनी जुडीबरोबर काकड घेऊन जा असे दोनदा बजावले. मी काकडी समजलो, आणि काकडी घरी आहेच म्हणून पुढे निघालो. आजींनी मागून हाक मारून आवळ्यासारखी दिसणारी पाच-सहा हिरवी फळे पिशवीत टाकली. ती कशासाठी हे न कळल्यामुळे घरी आम्ही बाजूस ठेवून दिली. भाजी नेहमीप्रमाणे फोडणीस टाकली. पहिल्या दोन घासांतच सर्वांच्या जिभेला व घशाला टोचल्यासारखे होऊ लागले आणि ते संध्याकाळपर्यंत थांबले नाही.

चूक शेवळ्याची नव्हती, आजींचीही नव्हती. काकड हा पानझडी रानातील एक वृक्ष आहे. त्याची आंबट फळे शेवळ्याच्याच हंगामात तयार होतात आणि शेवळ्याची खाज मारण्यासाठी ती भाजीत घालतात. एका वेलांटीच्या फरकाने सगळे घर दिवसभर हैराण झाले. रानभाजीच्या बाबतीत नाव म्हणजे नुसते लेबल नव्हे, ती वापराची सूचनाही असते, हा धडा त्या दिवशी मिळाला.

वनस्पतीची ओळख

शेवळा हा सुरणाचा भाऊबंद आहे. अळू, सुरण आणि शेवळा ही तिन्ही एकाच कुळातील. शेवळ्याचे शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. आपण शेतात लावतो तो सुरण म्हणजे अमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस. शेवळा ही पश्चिम घाट व त्यालगतच्या पट्ट्यातील वनस्पती आहे. जगात इतरत्र ती निसर्गतः वाढत नाही. म्हणजे आपल्या रानातून ती गेली तर दुसरीकडून आणण्याची सोय नाही.

शेवळ्याचे वर्ष पुढीलप्रमाणे असते.

१) हिवाळा व उन्हाळा : जमिनीवर काहीही दिसत नाही. कंद मातीत झोपलेला असतो.

२) मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध : वळवाच्या पावसाने कंद जागा होतो व पानाआधी फुलोरा वर येतो. दांडा ठिपकेदार असतो. त्यावर जांभळट तपकिरी आवरण आणि आवरणाच्या आत एक लांब दांडी असते. आपण ज्याला फूल म्हणतो तो वास्तविक अनेक बारीक फुलांचा समूह आहे. दांडीच्या बुडाशी मादीफुले, त्यांच्यावर नरफुले आणि सर्वांत वर फुले नसलेले लांब टोक अशी रचना असते.

३) पावसाळा : फलधारणा झालेल्या दांड्यावर कणसासारखी दाटीने फळे धरतात व पिकल्यावर ती लाल होतात. चांगला पाऊस सुरू झाला की पानही येते. पानाचा देठ ठिपकेदार असून वर तो तीन भागांत विभागतो व छत्रीसारखा पसरतो. हे सगळे मिळून बहुधा एकच पान असते.

४) पावसाळ्याची अखेर : पान पिवळे पडून गळते. त्याने पावसाळाभर तयार केलेले अन्न कंदात साठलेले असते. पुढच्या वर्षीचे फूल याच साठ्यावर येते.

झाडावर पालवी दाट होण्यापूर्वी, रानाच्या जमिनीवर ऊन पोचत असतानाच फुलून घेण्याची ही रीत इतर देशांतील रानफुलांतही आढळते. उत्तर अमेरिकेच्या रानात याच कुळातील एक कंद वसंतात, वरच्या झाडांची पालवी दाट होत असतानाच फुलतो. छताखाली उभ्या असलेल्या प्रवचनकारासारखे त्याचे फूल दिसते म्हणून त्याला जॅक-इन-द-पल्पिट म्हणतात. त्याच वनस्पतीला इंडियन टर्निप, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांचा सलगम, असेही दुसरे नाव आहे. मूळ रहिवासी तो कंद चांगला वाळवून, भाजून मगच खात. नावावर विश्वासून कोणी तो सलगमासारखा कच्चा चावला तर तोंड भाजल्यासारखे होते. नावाने होणारी फसगत सर्व मुलखांत सारखीच आहे.

नावे दोन, झाड एक

आपल्या भागात फुलोऱ्याच्या कोवळ्या कोंबाला शेवळा, शेवळ किंवा शेवळं म्हणतात. पावसात याच कंदातून कोवळे, गुंडाळलेले पान वर येते तेव्हा त्याला अनेक गावांत लोत किंवा लोथ म्हणतात. लोताचीही भाजी होते. जूनमध्ये शेवळा आणि पुढे लोत अशा दोन भाज्या बाजारात येतात. रानात वाढलेल्या वारली, कोकणा, कातकरी भगिनींना या दोन्ही एकाच कंदाच्या आहेत हे ठाऊक असते. परंतु घेणारे गिऱ्हाईक, माल एकत्र करणारा व्यापारी आणि शाळा-नोकरीमुळे रानापासून दूर गेलेली नवी पिढी यांना त्या दोन वेगळ्या वनस्पती वाटतात.

हा गैरसमज कंदाला महाग पडतो. जूनमध्ये फूल तोडले म्हणजे त्या वर्षीचे बी गेले. पुढे त्याच जागी लोत खुडले म्हणजे कंदाचे वर्षाचे अन्न गेले. मेथी किंवा माठ खुडला तर पुन्हा फुटतो. शेवळ्याचे पान एकच असते, ते गेल्यावर कंद साठ्यातूनच खर्च करीत राहतो व बारीक होत जातो. बारीक कंदाला पुढील वर्षी फूल येत नाही. फूल येत नाही म्हणून आपण या जागी शेवळा उरला नाही असे म्हणतो, पण त्याला आपण लोत नावाने खाल्लेले असते.

शेवळ आणि शेवाळ या शब्दांचाही घोळ होतो. पाटीवर किंवा छापील मजकुरात कोणी शेवाळाची भाजी असे लिहिले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाण्यावरचे हिरवे शेवाळ येते. भाजी विकणाऱ्या बचत गटांनी पाकिटावर शेवळा असे स्पष्ट लिहावे व जवळ चित्र द्यावे.

नाव एक, झाडे अनेक

उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक धोक्याचा आहे. रानसुरण किंवा जंगली सुरण हे नाव शेवळ्याला लावतात, तसेच रानात वाढणाऱ्या खऱ्या सुरणाला आणि सुरणकुळातील इतर कंदांनाही लावतात. लोत हे नावही काही भागांत याच कुळातील दुसऱ्या एका रानकंदाला आहे. त्याचे फूलही पानाआधीच येते, मात्र त्याचे आवरण जिभेसारखे लांब व ठिपकेदार असते. सापकांदा हाही याच कुळातला. त्याच्या पानाची पाती छत्रीच्या काड्यांप्रमाणे एका बिंदूपासून पसरतात.

एका शेतकरी मेळाव्यात मी शेवळ्याचा उल्लेख जंगली सुरण असा केला होता. समोर बसलेल्या एका वयस्क बाईंनी तेथेच उभे राहून हरकत घेतली. साहेबांनी असे नाव सांगितले तर नव्या सुना भलताच कंद उकरून आणतील, असे त्यांचे म्हणणे होते. हरकत अगदी योग्य होती. तेव्हापासून मी व्याख्यानात शेवळा हेच नाव वापरतो.

कंद उकरताना तर विशेष दक्षता हवी. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची कळलावी सर्वांच्या परिचयाची आहे. तिलाच अग्निशिखा, खड्यानाग अशीही नावे आहेत. तिचा नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद अत्यंत विषारी असतो. पाने-फुले वाळून गेल्यावर मातीत सापडलेला कंद खाद्य रानकंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. यासाठी पुढील नियम पाळावा : ज्या कंदाचे पान किंवा फूल आपण स्वतः पाहिलेले नाही, तो केवळ नावावर खाऊ नये.

शास्त्रीय नाव कशासाठी?

अशा घोळावर उपाय म्हणून स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द घराण्याचा व दुसरा त्या जातीचा. शेतकऱ्याने ही लॅटिन नावे पाठ करावीत असे मुळीच नाही. परंतु माहितीपत्रक वाचताना, रोपे वा कंद विकत घेताना, किंवा तज्ज्ञाला नमुना दाखविताना शास्त्रीय नाव विचारून घ्यावे. त्यामुळे एका वनस्पतीची माहिती दुसरीला चिकटत नाही.

मात्र शास्त्रीय नावाने स्थानिक नावाची जागा घेऊ नये. अमॉर्फोफॅलस कम्युटेटस या नावातून ती भाजी कधी येते, कोणता भाग खातात आणि तिच्याबरोबर काकड लागते, यांपैकी काहीच कळत नाही. ते ज्ञान शेवळा आणि लोत या नावांना चिकटलेले आहे. एक नाव ओळख पक्की करते, दुसरे वापर शिकविते. दोन्ही हवीत.

खाज का सुटते?

शेवळा, सुरण व अळू यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. चावताना ते जीभ व घशाच्या त्वचेत रुततात आणि खाज, आग व सूज निर्माण करतात. सुरणात निवडीने खाज कमी असलेले गजेंद्रसारखे वाण तयार झाले. शेवळा मात्र रानटीच राहिला, म्हणून त्याची खाज स्वयंपाकघरातच काढावी लागते. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) घट्ट मिटलेले, कोवळे शेवळे घ्यावेत. चिरण्यापूर्वी हातांना तेल लावावे.

२) बाहेरची जून आवरणे काढावीत. उभा छेद देऊन दांडीच्या बुडाशी असलेला पिवळसर दाणेदार भाग पूर्णपणे काढून टाकावा. हा भाग सर्वांत खाजरा असतो.

३) उरलेला भाग बारीक चिरून पाण्यात उकळावा व ते पाणी फेकून द्यावे.

४) काकड फळांतील बिया काढून गर ठेचावा व भाजीत घालावा. काकड न मिळाल्यास चिंचेचा कोळ किंवा आमसूल भरपूर वापरावे.

५) भाजी तेलावर चांगली परतून पूर्ण शिजवावी. प्रथमच खाणाऱ्याने थोडी चव घेऊन पाहावी. लहान मुलांना कच्चा शेवळा हाताळू देऊ नये.

ओठ किंवा घसा सुजून श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यास घरगुती उपायांत वेळ न घालविता दवाखान्यात जावे.

एकटे फूल वांझ राहते

शेवळ्याचे फूल उमलले की त्याला कुजक्या मांसासारखा वास येतो. हा वास माणसाला नकोसा वाटला तरी भुंगेरे व माश्या त्याकडे ओढल्या जातात. सुमात्रा बेटावरील याच घराण्यातील राक्षसी फुलाची, म्हणजे अमॉर्फोफॅलस टायटॅनमची, जगभर ख्याती आहे ती अशाच वासामुळे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. एका फुलोऱ्यातील मादीफुले आधी तयार होतात आणि नरफुलांतील पराग त्यानंतर बाहेर पडतो. पराग सुटतो तोपर्यंत त्याच फुलोऱ्यातील मादीफुलांची वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे बी धरण्यासाठी जवळपास दुसरे, एखाद-दोन दिवस आधी उमललेले फूल लागते. त्या फुलावरून आलेला कीटक पराग आणतो. रानात चार-पाच फुले एका ठिकाणी उमलली तरच फलधारणेची आशा असते.

बाजारासाठी तर शेवळा मिटलेलाच तोडतात, म्हणजे परागीभवनापूर्वीच. पूर्वी घरापुरता शेवळा आणला जाई, तेव्हा रानात पुष्कळ फुले शिल्लक राहत. आता मागणी शहरातून आहे. २०१३ साली उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत आल्यावर रानभाजीची टोपली मुंबईच्या बाजारात नेणे सोपे झाले. पेरणीच्या तोंडावर घरात पैसा नसतो, त्या दिवसांत शेवळ्याची जुडी कुटुंबाला रोख रक्कम देते. तेव्हा तोडूच नका असे सांगणे योग्य होणार नाही. पण तोडण्याची रीत बदलता येईल.

१) एका जागेवरील सर्व शेवळे तोडू नयेत. निदान एक तृतीयांश ठेवावेत, आणि तेही विखुरलेले न ठेवता जवळजवळ असलेले चार-पाच एकत्र ठेवावेत.

२) शेवळा जमिनीलगत विळ्याने कापावा. उपटू नये. उपटताना कंद हलतो व तुटतो.

३) ज्या जागी शेवळा काढला त्या जागी त्या वर्षी लोत खुडू नये. शेवळ्याची जागा वेगळी व लोताची जागा वेगळी ठेवावी आणि दरवर्षी आलटूनपालटून घ्यावी.

४) राबाची भाजणी मेअखेरपर्यंत लांबवू नये. वळवाच्या सरीनंतर पाचोळा पेटविल्यास वर आलेले कोंब जळतात.

५) बांधावर सरसकट तणनाशक फवारू नये. एकच पान असलेली वनस्पती त्यातून लवकर सावरत नाही.

वाडीत शेवळा

शेवळ्याची थोडीशी जोपासना वाडीतही करता येईल. रानातील कंद उकरून आणू नयेत. रस्ता, घरबांधणी किंवा सपाटीकरणात जे कंद उघडे पडतात तेच उचलावेत. पावसाळ्यात पिकलेली लाल फळे मिळाल्यास त्यांतील काही घ्यावीत व बाकीची पाखरांसाठी ठेवावीत. गर धुऊन काढावा व बी वाळवून न ठेवता ताजेच पालापाचोळ्याच्या मातीत टाकावे. फळे हाताळताना हातांना तेल लावावे.

पाणी साचणारी जागा टाळावी, कारण साचलेल्या पाण्यात कंद कुजतो. चिकूच्या दाट घेराखाली वर्षभर गडद सावली असते. त्यापेक्षा कुंपणालगत, बांधाच्या उतारावर, सागासारख्या पानझडी झाडांच्या विरळ सावलीत जागा निवडावी. वर पाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. बियांपासून आलेल्या रोपांना पहिली काही वर्षे केवळ पान येते. तोपर्यंत धीर धरावा व पान तोडू नये. प्रथम दहा-वीस कंदांवर अनुभव घ्यावा. जागेवर खूण म्हणून खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे उन्हाळ्यात कुदळ चालविताना झोपलेले कंद कापले जाणार नाहीत.

नावाची नोंद करा

डहाणू तालुका १९९१ साली केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता समिती व लोकांची नोंदवही यांची तरतूद झाली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनवासींना मान्य केला. हक्काबरोबर राखणही आलीच. आपल्या गावच्या नोंदवहीत शेवळ्याची नोंद आहे का, हे ग्रामसभेत विचारावे. नसल्यास गावातील जाणत्या बायकांना बोलावून नोंद करावी. तिच्यात पुढील बाबी असाव्यात : गावात प्रचलित असलेली सर्व नावे, प्रत्येक नाव कोणत्या अवस्थेचे आहे, कोणत्या जागी सापडते, पहिला कोंब कोणत्या तारखेस दिसला, कोणता भाग खातात, सोबत काय घालतात. जवळ फुलाचे व पानाचे स्वतंत्र छायाचित्र लावावे व शास्त्रीय नाव तज्ज्ञाकडून लिहून घ्यावे. पाच-सात वर्षे तारखा व जागा नोंदविल्या की शेवळा कमी होतो आहे की टिकून आहे हे गावालाच कळेल.

रानशेत या गावाच्या नावात रान आणि शेत शेजारी शेजारी आहेत. शेवळाही अशाच सीमेवर, रानाच्या कडेला व शेताच्या बांधावर वाढतो. येत्या जूनमध्ये शेवळा तोडताना प्रत्येक जागी चार-पाच फुले एकत्र राखून ठेवावीत, आणि पुढे लोत दिसले की ते त्याच कंदाचे आहे हे घरातील लेकी-सुनांना व मुलांना जागेवर नेऊन दाखवावे, ही शेतकरी बंधू-भगिनींना विनंती.